दिसतं कसं ते मागून, आहे काय ते आधी

"ताई, एकूण टॅग किती असतात, अन् माझे पाठ काऊन नाही होऊन राहिले?" हा तुझा प्रश्न वाचला. सोबत पाठवलेला वहीच्या पानाचा फोटोही पाहिला. लाल शाईच्या खुणा, समासातल्या टिपा, मेहनत दिसते आहे. पण ती यादी आता मिटून ठेव. एचटीएमएलमध्ये आज शंभराहून थोडे अधिक एलिमेंट आहेत, आणि वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्यांनाही ते सगळे तोंडपाठ नसतात. तुला सुरुवातीला वीस-पंचवीस पुरतात. तेही घोकून नाही, हाताखालून गेले की आपोआप बसतात.

मला तुला खरं तर एकच गोष्ट सांगायची आहे, बाकी सगळं तिच्या मागून येतं. एचटीएमएल लिहायला बसलीस की रंग, आकार, डावीकडे-उजवीकडे हे सगळं डोक्यातून काढून टाक. समोरचा मजकूर बघ आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याला विचार, तू आहेस कोण? शीर्षक आहेस की साधा परिच्छेद? यादी आहेस की तक्ता? दुसऱ्या पानावर नेणारी लिंक आहेस की इथेच काही काम करणारं बटन? जे उत्तर येईल, त्याचा एलिमेंट वापर. पान दिसेल कसं हे सीएसएस बघून घेतं, दाबल्यावर काय घडेल हे जावास्क्रिप्ट बघून घेतं. पण कोणती गोष्ट काय आहे, हे सांगायचं काम एचटीएमएलचं, आणि ते तिथे राहून गेलं तर पुढे कितीही सजवलं तरी भरून निघत नाही.

एवढा जीव तोडून का सांगते आहे? तुझं पान कोण उघडणार आहे ते बघ. झरी जामणीकडच्या एखाद्या पोडावरचा कोणी पोरगा, स्वस्तातला फोन, नेटवर्कची एक दांडी. सीएसएसची फाइल त्याच्यापर्यंत पोचलीच नाही तरी शीर्षक मोठं, यादी यादीसारखी आणि तक्ता तक्त्यासारखा दिसला पाहिजे. एलिमेंट बरोबर असतील तर सगळं तसंच दिसतं, ब्राउझर स्वतःहून तेवढं करतो. दुसरी बाई दृष्टिहीन असेल, तिला फोन पान वाचून दाखवणार. तिसरं गूगल, जे रंग बघायला येत नाही, मजकुराची रचना बघायला येतं. या तिघांच्याही हाती तू निवडलेला एलिमेंटच लागतो.

आता हाताने करायच्या गोष्टी.

शाळेत गणितात 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठं' अशी दोन चिन्हं शिकलो, तेच इथले कोनी कंस. पहिला कंस, मधे एलिमेंटचं नाव, मग दुसरा कंस, हा झाला उघडणारा टॅग. परिच्छेदाचं नाव पी, एवढं एक अक्षर. त्यानंतर तुझा मजकूर. शेवटी पुन्हा तसाच टॅग, फक्त नावाच्या आधी तिरपी रेघ, म्हणजे स्लॅश. तो बंद करणारा टॅग. या तिन्हींचा मिळून एक एलिमेंट. तू फोनवर टाइप करतेस म्हणून सांगते, हे कंस कीबोर्डवर चिन्हांच्या पहिल्या पानावर बहुधा सापडत नाहीत, दुसऱ्या पानावर असतात. आणि कोड वर्डमध्ये लिहू नकोस. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वळवून टाकतं, ब्राउझरला ती अवतरणचिन्हं म्हणून ओळखू येत नाहीत, आणि तू तासभर चूक शोधत बसशील. साधं नोटपॅड किंवा कोड लिहायचं एखादं मोफत ॲप पुरेसं आहे.

उघडणाऱ्या टॅगच्या आत आणखी माहिती देता येते, तिला ॲट्रिब्यूट म्हणतात. नाव, बरोबरचं चिन्ह आणि दुहेरी अवतरणात किंमत, असा तिचा साचा. लिंकला कुठे न्यायचं ते एचरेफ या ॲट्रिब्यूटमध्ये, चित्र कुठून आणायचं ते एसआरसीमध्ये. ॲट्रिब्यूट फक्त उघडणाऱ्या टॅगमध्ये जातं, बंद करणाऱ्यात कधीच नाही.

एलिमेंटच्या आत एलिमेंट ठेवताना क्रम सांभाळ. हातात बांगड्या भरल्या की शेवटी भरलेली आधी काढावी लागते, तसंच इथे शेवटी उघडलेला टॅग आधी बंद होतो. परिच्छेदात महत्त्वाच्या शब्दासाठी स्ट्राँग उघडलास तर आधी स्ट्राँग बंद, मग परिच्छेद. उलटं केलंस तर ब्राउझर तक्रार करत नाही, आपल्या अंदाजाने दुरुस्त करून दाखवतो. आणि हीच अडचण आहे. स्क्रीनवर ठीक दिसतंय म्हणून तू पुढे जातेस, आणि दहा ओळींनंतर भलतीच गोष्ट ठळक होऊन बसते.

काही एलिमेंटना पोटात मजकूरच नसतो, म्हणून त्यांना बंद करणारा टॅगही नसतो. चित्राचा आयएमजी, ओळ तोडणारा बीआर, माहिती भरण्याचा इनपुट, आणि पानाच्या डोक्यातला मेटा. एवढे लक्षात ठेव, बाकीचे भेटतील तेव्हा भेटतील.

पानाचा सांगाडा एकदाच नीट लिहून ठेव आणि प्रत्येक वेळी तिथूनच सुरुवात कर. सगळ्यात वर डॉकटाइप. ती ओळ गाळली तर ब्राउझर जुन्या काळच्या पानांसाठी ठेवलेल्या पद्धतीने पान मांडतो आणि मापं बिघडतात. मग एचटीएमएल, त्याच्या पोटात दोन भाग, हेड आणि बॉडी. हेडमध्ये पानाबद्दलची माहिती, बॉडीमध्ये लोकांना दिसणारा मजकूर. हेडमध्ये टायटल विसरू नकोस. ब्राउझरच्या टॅबवर आणि गूगलच्या निकालात बहुतेक वेळा तेच दिसतं. व्ह्यूपोर्टची मेटा ओळही हवीच. ती नसली की फोन तुझं पान एखाद्या मोठ्या संगणकासाठी आहे असं धरून चालतो आणि सगळं मुंगीएवढं करून दाखवतो. आपल्याकडे तर बहुतेकजण फोनवरच बघणार.

हेडमधल्या ज्या ओळीवर मला जास्त बोलायचं आहे ती आहे कॅरसेटची. मेटा कॅरसेट बरोबर यूटीएफ-८. इंग्रजी पान बनवणाऱ्याने ती गाळली तर बहुधा काही बिघडत नाही. तू मराठीत लिहिणार, तुझं सगळंच बिघडेल. तसं झालं की 'यवतमाळ' लिहिलेल्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए हे अक्षर, मग एक वर्तुळासारखं चिन्ह, मग काहीतरी तिसरं, आणि पुन्हा तेच ए, पुन्हा तेच चिन्ह, अशी ओळच्या ओळ दिसते. घाबरू नकोस, त्याला कारण आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच असतो, दुसराही दोनच प्रकारचा. ब्राउझरला कॅरसेट कळला नाही की तो एकेका बाइटला वेगळं अक्षर समजून वाचतो, म्हणून तेच ए पुन्हापुन्हा उगवतं. मजकूर शाबूत असतो, फक्त वाचणं चुकतं. ओळ टाक, फाइल पुन्हा उघड, मराठी परत येते. ही ओळ हेडमध्ये अगदी सुरुवातीला असू दे, कारण ब्राउझर ती फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांतच शोधतो.

पण मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर प्रकरण वेगळं. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाइल एएनएसआय प्रकारात सेव्ह झाली की देवनागरी खरोखरच पुसली जाते, तिथे प्रश्नचिन्हंच साठवली जातात. ती परत येत नाहीत. म्हणून सेव्ह करताना खालचा एन्कोडिंगचा रकाना बघ, यूटीएफ-८ असू दे. तिथेच फाइलचं नावही बघ. इंडेक्स डॉट एचटीएमएल लिहिलंस तरी नोटपॅड कधी कधी मागे डॉट टीएक्सटी जोडून टाकतं, आणि विंडोज ते लपवून ठेवतं. नाव इंग्रजी लहान लिपीत, मधे जागा न सोडता. चित्रांच्या फाइलींनाही हाच नियम. तुझ्या संगणकावर चालणारं चित्र सर्व्हरवर गेल्यावर गायब होतं, त्यात पुष्कळदा एका मोठ्या अक्षराचा फरक असतो.

आणखी एक आपल्याकडची गोष्ट. कोणी तुला मजकूर देईल तो गावातल्या डीटीपीच्या दुकानातून आलेला असेल. मंडळाचा अहवाल, संस्थेची माहिती, लग्नसमारंभाच्या हॉलचे दर. त्यातलं पुष्कळसं कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. त्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं रोमनच असतात, वरचा मुखवटा तेवढा देवनागरीचा. तुझ्या पानात चिकटवलं की नुसती रोमन खिचडी दिसते, आणि कॅरसेट कितीही बरोबर असला तरी ती सुधारत नाही. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घे, मग वाच. बदलताना रफार आणि वेलांट्या हमखास सरकतात, म्हणून डोळ्यांखालून घाल. 'कारंज्याचा' हा शब्द नीट आला का, 'दारव्ह्याला' नीट आला का, अशी आपली नेहमीची नावं तपासलीस तर चुका लवकर सापडतात.

एचटीएमएलच्या उघडणाऱ्या टॅगमध्ये लँग हे ॲट्रिब्यूट दे आणि त्याची किंमत एमआर ठेव, म्हणजे मराठी. यातून दिसायला काही फारसं बदलत नाही म्हणून लोक गाळतात, ते मला आवडत नाही. पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर या दोन अक्षरांवरून मराठी आवाज निवडतं. ती नसली तर तुझी मराठी इंग्रजी आवाजाच्या तोंडी जाऊ शकते, किंवा हिंदीच्या. शिवाय ज्या फॉन्टमध्ये सोय केलेली आहे तिथे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. आपली लिपी आपल्या वळणाने दिसावी यासाठी एवढं टाइप करायला काय जातं? नमुना बघायचा असेल तर मराठी विकिपीडियावरचा यवतमाळ जिल्ह्याचा लेख संगणकावर उघड आणि कंट्रोल-यू दाब. पहिल्या काही ओळींतच हे लँग सापडेल. खाली उतरत जा, एच-वन, टेबल, एलआय, ए, सगळे ओळखीचे भेटत जातील. बाकीच्या गर्दीकडे लक्ष देऊ नकोस.

आता एक पान बनवून बघू. विषय मीच देते, शकुंतला. यवतमाळ ते मुर्तिजापूर ही नॅरोगेजची गाडी, घरातल्या मोठ्यांनी तिच्यातून प्रवास केलेला असेल. इंग्रज काळात विदर्भातला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जायचा, त्या वाहतुकीसाठी ही लाइन पडली. तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरमध्येच १९२१ साली बनलं. १९२३ पासून त्याने गाडी ओढली, आणि १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेलचं इंजिन आलं. आता गाडी बंद आहे. एवढा मजकूर आपल्याला पुष्कळ झाला.

सगळ्यात वरचं 'शकुंतला रेल्वे' हे एच-वन. पानाचा मुख्य मथळा, तो एकच ठेव. खाली 'मार्ग', 'इंजिन', 'कापसाची वाहतूक' ही एच-टू. 'इंजिन'च्या पोटात 'वाफेचं' आणि 'डिझेलचं' असे दोन उपविभाग करायचे असतील तर ती एच-थ्री. एच-सिक्सपर्यंत जाता येतं, पण तितकं खोल जायची वेळ क्वचितच येते. आकार आवडला म्हणून एच-फोर घेतलं, असं मात्र कधी करू नकोस. आकार सीएसएसने बदलतो. स्क्रीन रीडर, म्हणजे पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारे लोक बहुधा पान वरून खाली ऐकत नाहीत, ते शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत जातात. एनव्हीडीए हे ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी उभं केलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात एच हे बटन दाबलं की पुढचं शीर्षक, दोनचा आकडा दाबला की पुढचं एच-टू. तू 'इंजिन' हा शब्द परिच्छेदातच ठळक करून सोडून दिलास, तर डोळसाला ते शीर्षक वाटेल, त्यांना मात्र ते सापडणारच नाही.

मार्गाची यादी घे. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मुर्तिजापूर. इथे क्रमाला अर्थ आहे, कारंजा दारव्ह्याच्या आधी येऊ शकत नाही. म्हणून ओएल, म्हणजे क्रमवार यादी, आणि आत प्रत्येक नावाला एलआय. आपल्या जिल्ह्याच्या १६ तालुक्यांची यादी केलीस तर तिथे यूएल, कारण उमरखेड आधी लिहिलं काय आणि बाभूळगाव आधी लिहिलं काय, अर्थ बदलत नाही. आकडे हाताने टाइप करू नकोस. मधे लाडखेड घालावंसं वाटलं तर पुढचे आकडे आपोआप सरकतील. आकडे इंग्रजीत येतात म्हणून हिरमुसू नकोस. सीएसएसमध्ये एका ओळीत देवनागरी आकडे मागता येतात, आणि ते सगळ्या ब्राउझरना येतं.

गाडीचा फोटो लावशील तेव्हा आयएमजीमध्ये ऑल्ट लिही. चित्र दिसलं नाही तर त्याच्या जागी काय वाचायचं, ते ऑल्ट. 'फोटो' किंवा 'शकुंतला १' असं लिहिण्यात काही अर्थ नाही. 'यवतमाळ स्टेशनात उभी असलेली शकुंतला, समोर डिझेलचं इंजिन' असं लिही, म्हणजे न पाहणाऱ्यालाही काय आहे ते कळेल. नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर ऑल्ट रिकामं ठेव, पण ठेव. गाळलंस तर वाचणारं सॉफ्टवेअर फाइलचं लांबलचक नाव वाचत बसतं. फोटो ज्याने काढला त्याला विचारून लाव आणि खाली त्याचं नाव दे.

लिंकच्या ए एलिमेंटमध्ये 'इथे क्लिक करा' लिहू नकोस. पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी काढून ऐकता येते, त्यात दहा वेळा 'इथे क्लिक करा' आलं तर कोणाला काय कळणार? 'कारंजा स्टेशनची माहिती' असं लिंकचंच नाव ठेव.

तक्त्यावर जरा थांबू, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात. कापसाचे भाव रोज व्हॉट्सॲपवर फिरतात, पण फोटोच्या रूपात. फोटोतला आकडा शोधता येत नाही, कॉपी होत नाही, वाचून दाखवता येत नाही, आणि डोळे अधू झालेल्या आजोबांनी मोठा केला की धूसर होतो. तोच तक्ता टेबल एलिमेंटमध्ये लिहिला तर हे सगळे त्रास जातात. टेबलच्या आत प्रत्येक ओळीला टीआर. पहिल्या ओळीत 'बाजार समिती', 'आवक', 'किमान दर', 'कमाल दर', 'सर्वसाधारण दर' हे रकान्यांचे मथळे, ते टीएचमध्ये, आणि त्यांना स्कोप बरोबर कॉल. पुढच्या ओळींत डावीकडची नावं, राळेगाव, वणी, पांढरकवडा, तीही टीएचच, पण त्यांना स्कोप बरोबर रो. आकडे टीडीमध्ये. सगळ्याच्या वर कॅप्शन, त्यात तारीख आणि 'दर प्रति क्विंटल'. तारीख नसलेल्या भावाचा काही उपयोग नाही.

मग काय होतं ते ऐक. कोणी दृष्टिहीन शेतकरी त्या तक्त्यात बोटाने एकेका चौकटीवर गेला, की सॉफ्टवेअर त्याला नुसता आकडा सांगून गप्प बसत नाही. चौकट बदलली की 'वणी', 'कमाल दर' हे मथळे सांगून मग आकडा सांगतं. तू टीएच आणि स्कोप लिहिलंस म्हणून त्याला तो आकडा कशाचा ते कळलं. सगळीकडे टीडी टाकलं असतंस तर दिसायला तक्ता तोच राहिला असता, आणि त्याच्या कानावर नुसते आकडे पडत राहिले असते. तक्ता मांडणीसाठी मात्र वापरू नकोस. डावीकडे मेनू, उजवीकडे मजकूर असं बसवायला पूर्वी टेबल वापरत, ते दिवस गेले.

बचत गटाच्या मसाल्याची, पापडाची ऑर्डर घेणारा फॉर्म तुला करायचाच आहे, तेव्हा तेही बोलून घेऊ. प्रत्येक इनपुटला लेबल हवं. लेबलच्या फॉर या ॲट्रिब्यूटची किंमत आणि इनपुटच्या आयडीची किंमत एकच ठेव, मग 'तुमचं नाव' या शब्दांवर बोट टेकलं तरी रकाना उघडतो. ज्यांची बोटं शेतात राबून जाड झाली आहेत, त्यांना तो बारीक चौकोन नेमका दाबायला लावू नकोस. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत सूचना लिहून लेबल वाचवायचा मोह होतो, तो टाळ. लिहायला लागलं की ती सूचना नाहीशी होते, आणि काय भरत होतो तेच माणूस विसरतो. मोबाइल नंबरच्या इनपुटला टाइप बरोबर टेल दे, फोनवर आपोआप आकड्यांचा कीपॅड वर येतो. पिन कोडला नंबर हा टाइप देऊ नकोस, ४४५००१ ही काही मोजायची संख्या नाही. साधा टेक्स्ट ठेव आणि इनपुटमोड बरोबर न्यूमेरिक दे. आणि नावाच्या रकान्यात फक्त इंग्रजी अक्षरं चालतील अशी अट कधी घालू नकोस. आपल्या बाया आपलं नाव मराठीत लिहितील, ते स्वीकारलं गेलंच पाहिजे. खालचं 'ऑर्डर पाठवा' हे बटन एलिमेंटच असू दे. पुष्कळजण डिव्ह घेतात, त्याला रंग देतात आणि बटन म्हणतात. मग कीबोर्डने तिथे पोचता येत नाही, आणि ते बटन आहे हे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कळत नाही.

डिव्ह आणि स्पॅनला स्वतःचा अर्थच नाही. ते वाईट नाहीत, पण दुसरं योग्य नाव सापडलं नाही तरच घे. पानाच्या वरच्या भागाला हेडर, मेनूला नॅव्ह, मुख्य मजकुराला मेन, खालच्या भागाला फूटर अशी नावं आहेत. पूर्ण पत्ता लिहायचा असेल तर मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा यांच्या ओळी बीआरने तोड, तिथे तो योग्य आहे. दोन परिच्छेदांत अंतर पाडायला चार-चार बीआर टाकू नकोस. महत्त्वाच्या शब्दाला स्ट्राँग दे, पण एका परिच्छेदात एकदा दिलंस तरी खूप. तिरप्या अक्षरांसाठी ईएमकडे धावू नकोस. देवनागरीत तिरपं वळण मुळात नाही, ब्राउझर अक्षरं ओढून तिरपी करतो आणि ती डोळ्यांना खुपतात.

तुझ्या नोट्समध्ये सेंटर, फॉन्ट आणि मार्की हे तीन टॅग दिसले, त्यांवर काट मार. मानकाने ते कधीच कालबाह्य ठरवले आहेत. जुन्या नोट्स वर्षानुवर्षं झेरॉक्स होत राहतात, म्हणून ते अजून शिकवले जातात. मुळातले पुष्कळसे मात्र टिकून आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत असताना १९९१ साली जे १८ एलिमेंट मांडले, त्यांत पी, ए, एलआय आणि एच-वन ते एच-सिक्स होतेच. चित्र नव्हतं. आयएमजीची कल्पना १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन यांनी मांडली. म्हणजे तू आज लिहिशील त्यातलं निम्मं तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे आणि अजून चालतं. शिकण्यावर खर्च केलेला वेळ वाया जात नाही तो याचसाठी. एचटीएमएल५ ला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची मान्यता २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये मिळाली. त्यानंतर आकडे देण्याची पद्धत मागे पडली. आता एकच मानक सतत सुधारत ठेवतात. 'आमच्याकडे एचटीएमएल सहा शिकवतात' असं कोणी म्हणालं तर त्याला फी देऊ नकोस. मुळात एवढ्यासाठी फी द्यायचीही गरज नाही. बारावीच्या आयटीच्या पुस्तकात एचटीएमएल५ आहे, शेजारच्या कोणा पोराकडे असेल ते माग. मोझिलाचं एमडीएन हे संकेतस्थळ मोफत आहे. इंग्रजी सोपं आहे, उदाहरणं बघत बघत समजतं. मराठी शाळेतून आलीस म्हणून मागे राहशील असं मनात आणू नकोस. टॅगची नावं छोटी असतात, आणि कोणतीही गोष्ट काय आहे हे ओळखण्याचं काम आपण आपल्या भाषेतच करतो.

शकुंतलेचं पान लिहून झालं की डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरमध्ये चिकटव. मोफत आहे, कोणत्या ओळीत काय चुकलं ते सांगतो. चुकांची लांबलचक यादी आली तर फक्त पहिली सुधार आणि पुन्हा तपास. खालच्या पुष्कळशा त्या एकीमुळेच आलेल्या असतात.

नंतर फोनमध्ये टॉकबॅक हे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू कर, ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये सापडेल, आणि डोळे मिटून तेच पान ऐक. शीर्षकं कळतात का, तक्त्यातला आकडा कशाचा ते कळतं का, फॉर्मचा रकाना आपलं नाव सांगतो का, ते बघ. एक सांगून ठेवते. टॉकबॅक चालू झालं की हातवारे बदलतात. एकदा टेकवलं की नुसतं नाव ऐकू येतं, उघडायला दोनदा पटापट टेकवावं लागतं, आणि सरकवायला दोन बोटं लागतात. म्हणून सुरू करण्याआधी ते बंद कसं करायचं ते बघून ठेव. मग जिथे अडलीस ती ओळ मला पाठव, स्क्रीनशॉट नको, कोडच पाठव.